बीटीएसच्या 'इन द सूप'वालं घर बघायला चुंचनला जावं का? (भाचीचा हट्ट)

कोथिंबीरवडी

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात काढला असेल तर ॲडमिन हलवतीलच.

तर झालंय असं की माझी भाची, वय वर्षं १९, आठवीत असल्यापासून बीटीएसची, म्हणजे त्या सात पोरांच्या कोरियन बँडची, आर्मी. आर्मी म्हणजे फॅन हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं, त्याआधी वाटायचं पोरगी एनडीएची तयारी करतेय. बारावीला चांगले मार्क पडले तर कोरियाला नेऊ असं आमचे भावजी एकदा जेवताना बोलून गेले, मार्क पडले, आता भावजींना सुट्टी नाही आणि ताईला थंडी सोसत नाही, म्हणून बरोबर जायचं काम मावशीच्या गळ्यात.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, ८ दिवस, मुक्काम सोलमध्येच. व्हिसाचे कागद मुंबईला देऊन झालेत. सोलमधलं काय बघायचं ते तिने एक्सेलमध्ये मांडलंय, त्यात राजवाडा एक आणि कॅफे अकरा. पण खरा हट्ट आहे 'इन द सूप'च्या घराचा. हा त्यांचा रिॲलिटी शो, सातही जण तळ्याकाठच्या घरात जाऊन राहतात आणि काही म्हणजे काहीच घडत नाही, कोणी मासे पकडायला बसतो, कोणी चित्र काढतो, कोणी सगळ्यांसाठी स्वयंपाक करतो. मी तिच्याबरोबर तीन भाग बघितले आणि खोटं कशाला बोलू, तिसरा संपल्यावर मीच म्हटलं पुढचा लाव.

तर प्रश्न असा की ते घर खरंच बघायला मिळतं का, सोलहून एका दिवसात जाऊन येता येईल का, आणि मी शाकाहारी (अंडं चालतं), तिकडे माझं काय होणार? शिवाय मनात एक शंका आहे ती इथेच विचारते, तिच्यासमोर विचारली तर रडारड होईल. तिथे जाऊन पोरगी हिरमुसणार तर नाही ना? ते सात जण तिथे नसणार हे तिला कळतं, पण कळणं वेगळं आणि गेटपाशी उभं राहणं वेगळं.

पानशेतकर

तळं, झाडी आणि रिकामं घर. याला कोरियाचं विमान कशाला पाहिजे, आमच्याकडे या, वर पिठलं-भाकरी पण मिळेल.

किमची_भाकरी

पानशेतकर काका, तुम्ही लॉर्ड्सला जाऊन गांगुलीने शर्ट फिरवला त्या बाल्कनीचा फोटो इथेच टाकला होतात. बाल्कनी रिकामी होती. विसरलात होय?

कोथिंबीरवडी ताई, आम्ही सोलजवळ सुवनला राहतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे, चार वर्षं झाली. आधी एक गोंधळ निस्तरते. सूप म्हणजे प्यायचं सूप नव्हे, कोरियनमध्ये सूप म्हणजे रान. आणि घरं दोन आहेत. पहिला सीझन २०२० च्या ऑगस्टमध्ये दाखवायला लागले, तो सोलहून जवळच्या चुंचन शहराकडचा, 'लेक १९२' नावाची जागा, तळ्याला लागून. दुसरा २०२१ चा, तो प्योंगचांगच्या डोंगरात, २०१८ चं हिवाळी ऑलिंपिक झालं ते प्योंगचांग, आणि ते घर शोसाठी म्हणून बांधलेलं. त्या सातांतल्या जंगकूकचा डॉबरमन कुत्रा, बाम, ज्यात दिसतो तो दुसरा सीझन. तुम्ही तळं म्हणताय म्हणजे पहिलाच. पण भाचीला एकदा नीट विचारा, दोन्ही गांगवॉन प्रांतातच असली तरी एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका, दिशा वेगळ्या आहेत.

प्योंगचांगचं तर सोडूनच द्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते एअरबीएनबीवर आलं होतं, एका रात्रीसाठी, फक्त दोन पाहुण्यांना, भाडं सात डॉलर, कारण मेंबर सात. अख्ख्या जगातली आर्मी त्या एका बुकिंगवर तुटून पडली होती. आमच्या शेजारची कोरियन मुलगी रात्री फोन हातात घेऊन बसली होती आणि दुसऱ्या दिवशी डोळे सुजवून कॉलेजला गेली.

चुंचनला जाणं मात्र सोपं आहे. योंगसान किंवा चंगन्यांगनी स्टेशनवरून आयटीएक्स चंगचुन नावाची गाडी मिळते, चंगन्यांगनीहून तासाभरात पोचवते. तिला मधले दोन डबे डबलडेकर असतात, वरची सीट मिळाली तर घ्या, नदीचा भाग छान दिसतो. शनिवार-रविवारी ही गाडी भरते, सोलची निम्मी कॉलेजची पोरं चुंचनला निघालेली असतात, म्हणून मधला वार धरा आणि तिकीट आधी काढा. ते जमलं नाही तर सांगबोंगहून साधी मेट्रोसुद्धा जाते थेट चुंचनपर्यंत, वेळ जास्त लागतो पण टी-मनी कार्ड (पैसे भरून ठेवायचं मेट्रो-बसचं कार्ड) चालतं. आयटीएक्सला टी-मनी चालत नाही, तिकीटच लागतं, यात आपली माणसं हमखास फसतात.

खरी अडचण स्टेशन ते तळं. ते शहरात नाहीये, बाहेर आहे, आणि त्या बाजूच्या बस म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या एसटीसारख्या, गेली की गेली. गुगल मॅप्सच्या भरवशावर इथे राहू नका, नेव्हर मॅप टाकून घ्या. टॅक्सीसाठी काकाओ टी. आणि निघायच्या आधी त्या जागेला मेसेज टाकून विचारा, कारण अशा खासगी जागा कधी नुसती भेट देऊ देतात, कधी फक्त मुक्कामाचं बुकिंग घेतात, कधी कोणाचं लग्न असलं तर पूर्ण बंद. न विचारता गेलात तर गेटचा फोटो काढून परत.

आणखी एक सांगते, राग मानू नका. शो उन्हाळ्यातला आहे. जे हिरवंगार दिसतं ते नोव्हेंबरच्या मध्यात नसेल, पानगळ जवळजवळ संपलेली असते, सगळं तपकिरी आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचला अंधार. सकाळची गाडी घ्या.

जेवणाबद्दल रात्री लिहिते, मुलाला शाळेतून आणायचंय.

ऑकलंडकर

आमच्याकडे पण आले होते हो ते, २०१९ ला, त्यांच्या दुसऱ्या शोच्या चौथ्या सीझनला. बॉन व्हॉयाज. आधी उत्तर युरोप, मग हवाई, मग माल्टा आणि मग न्यूझीलंड. कॅम्परव्हॅन घेऊन फिरले. आमच्या ऑफिसातली फिलिपिनो मुलगी सुट्टी काढून एकेक जागा करत फिरली आणि तिच्या नादाने मीपण एका तळ्याकाठी जाऊन आलो, मला एक गाणं माहीत नाही त्यांचं. पण त्या निमित्ताने साउथ आयलंड झालं, नाहीतर सहा वर्षांत मी ऑकलंड सोडलं नव्हतं. जा बिनधास्त.

जांभळी

मी गेलेय!! दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, मी आणि माझी रूममेट, बँडमधल्या युंगीची फॅन ती, नामजूनची मी, पैसे साठवायला सव्वा वर्ष लागलं. मावशी तुम्ही विचारलंत की हिरमुसेल का म्हणून तेवढ्यासाठीच लॉगिन केलं नाहीतर मी फक्त वाचते इथे.

आम्ही आधी मेसेज करून वेळ ठरवली होती, ट्रान्सलेटर लावून, चार वेळा मेसेज इकडून तिकडे. टॅक्सीने गेलो. आणि खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं मला काहीच वाटलं नाही, मी घाबरले की अरे एवढे पैसे घालून आलो आणि काहीच कसं वाटत नाही. कारण सगळं लहान वाटतं मावशी. शोमध्ये केवढं मोठं अंगण, केवढा मोठा काठ, आणि इथे आपण दहा पावलं टाकली की पाणी. त्यांनी आपापल्या करमणुकीच्या वस्तू आणल्या होत्या त्या त्यांच्याबरोबर गेल्या, मग उरतं काय, हिरवळ, घर, तळं. रूममेटने मोबाइलमध्ये ३२ स्क्रीनशॉट काढून आणले होते, ती एकेक फ्रेम जुळवत फिरत होती, इथे जिन गळ टाकून बसला होता, अगं नाही जरा डावीकडे, तो डोंगर बघ मागे, डोंगराची खाच जुळली पाहिजे. आम्ही दोघी त्या खाचेसाठी वीस मिनिटं पुढेमागे सरकत होतो.

आणि मग जुळली. म्हणजे मोबाइलमधला डोंगर आणि समोरचा डोंगर एकावर एक बसले आणि ती एकदम गप्प झाली. मी पण. आणि गप्प झाल्यावर मला आवाज ऐकू आला. तिकडे उन्हाळ्यात झाडांवर एक किडा ओरडतो, मेमी म्हणतात त्याला, किर्रर्र असा एकसुरी, कान किटतात. मी म्हटलं हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय. ऐकलाच होता ना, शोमध्ये ते गप्पा मारतात तेव्हा मागे हाच चालू असतो पण आपलं लक्ष सबटायटल्सकडे. घरी आल्यावर हेडफोन लावून पहिला भाग परत लावला आणि यावेळी मला त्यांच्यापेक्षा तो किडाच जास्त ऐकू येत होता, रडले मी थोडी, असो.

आता फजिती सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. आम्ही येताना जी टॅक्सी केली ती सोडून दिली, म्हटलं ॲपवर दुसरी मिळेल. मिळाली नाही. पाऊण तास ॲप फिरत राहिलं, एकही टॅक्सी तिकडे यायला तयार नाही. मग चालत रस्त्यावर आलो, बसस्टॉपवर टाइमटेबल, दिवसाला मोजून चारपाच बस, पुढची दीड तासाने. तिथे एक आजी बसल्या होत्या, डोक्यावर मोठी टोपी, तिची झालर मानेपर्यंत, पायाशी उकडलेल्या मक्याची पिशवी, गांगवॉनचा मका प्रसिद्ध आहे हे मला नंतर कळलं. त्यांनी आम्हाला एकेक कणीस दिलं, चिकट असतं ते, आपल्या कणसासारखं गोड नाही, दाणे पांढरट आणि मधेमधे जांभळे. मी ट्रान्सलेटरवर लिहिलं की आम्ही बांगतानसाठी (बीटीएसचंच कोरियन नाव) आलोय भारतातून. आजींनी मान हलवली, म्हणजे नसेल माहीत किंवा माहीत असून फरक पडत नसेल, आणि स्वतःचा मोबाइल काढून इम यंग-उंगचं गाणं लावलं. ते ट्रॉट, म्हणजे तिकडची जुन्या वळणाची गाणी, गाणारे, सगळ्या आज्यांचे लाडके. दीड तास आम्ही तेच ऐकलं. मोबाइलच्या कव्हरच्या आत आजींनी त्याचा छोटा फोटो ठेवला होता. माझ्या कव्हरच्या आत नामजूनचं फोटोकार्ड होतं. मी काढून दाखवलं तर त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि काहीतरी म्हणाल्या, ट्रान्सलेटर म्हणाला 'चेहरा चांगला आहे, जेवतो का नीट'.

सांगायचा मुद्दा, टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवा, वेटिंगचे पैसे गेले तरी चालतील.

पानशेतकर

आजी आमच्या गावच्या निघाल्या की. शब्द मागे घेतो. जा तुम्ही.

ओटी७_अकोला

प्योंगचांगच्या घराचा पत्ता फॅन लोकांनी शोधलाय, मॅपवर पिन आहे. एवढं गेलातच तर बाहेरून बघून यायला काय हरकत आहे, आत थोडीच जायचंय, गेटवरून दिसतं म्हणतात थोडंसं.

किमची_भाकरी

हरकत आहे. खासगी जागा आहे, आजूबाजूला शेतं आणि लोकांची घरं. शोमुळे वस्त्यांना किती त्रास होतो ते इथे राहून बघितलंय, लोक कुंपणावर चढतात, ड्रोन उडवतात, शेतात गाड्या घालतात. जांभळीसारखं विचारून जाणं आणि पिन टाकून गेटवर डोकावणं यात फरक आहे. आर्मीमध्येही असं करणाऱ्यांना कोणी चांगलं म्हणत नाही.

ओटी७_अकोला

बरं बरं, मी जात नाहीये, पासपोर्ट पण नाही काढला अजून. सहज म्हटलं.

किमची_भाकरी

आता जेवण. चुंचन म्हणजे डाकगाल्बी, तव्यावर परतलेलं तिखट चिकन, मधल्या बाजारात गल्लीच्या गल्ली त्याचीच. भाची खात असेल तर तिची चैन. तुम्हाला माकगुक्सू म्हणजे बकव्हीटच्या थंड शेवया मिळतील, पण रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाचा असतो, म्हणून नुसता चटणीतला मागा आणि तरी विचारा. किमचीत, म्हणजे त्यांच्या कोबीच्या लोणच्यातसुद्धा, खारवलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो, हे अनेकांना माहीत नसतं. गामजाजन मिळालं तर घ्या, बटाट्याचं धिरडं, गांगवॉन बटाट्यासाठी प्रसिद्ध. आणि चुंचनचा बटाटा-ब्रेड, दिसायला हुबेहूब शेतातून नुकता काढलेला बटाटा, वर मातीसारखी पूड लावलेली, हातात घेतल्यावर आधी झटकावासा वाटतो. दशम्या-मेथांबा बरोबर ठेवा, त्याला पर्याय नाही.

सोलमधली एक जागा भाचीच्या यादीत असणारच, ट्रेनी असताना बीटीएसवाले जेवायचे ते हॉटेल, युजंग शिकदांग, गांगनामच्या बाजूला. भिंती दिसत नाहीत इतके फोटो आणि पोस्टर. पण तिथला प्रसिद्ध बिबिंबाप (कालवलेला भात) डुकराच्या मांसाचा आहे, तुम्ही अंड्यावर भागवा. आणि यादीत हाइबचं, म्हणजे बीटीएसच्या कंपनीचं, म्युझियम असेल तर खोडा, २०२३ च्या जानेवारीत बंद झालं, जुन्या व्हिडिओंमध्ये अजून 'नक्की जा' म्हणतात.

जांभळी

अजून एक राहिलं, घर बघायला मिळालं नाही ना मावशी, तरी चुंचन वाया जात नाही तिच्यासाठी. बँडमधल्या तेह्योंगची मिलिटरी सर्व्हिस चुंचनलाच झाली, आणि नामजूनची वरच्या ह्वाचनला. १० जून २०२५ ला दोघं सुटले तेव्हा चुंचनमध्येच बाहेर आले, नामजूनने सॅक्सोफोन वाजवला, युनिफॉर्मवर, तो व्हिडिओ भाचीला पाठ असेल. शो शूट केला २०२० मध्ये आणि पाच वर्षांनी त्याच गावातून परत आले, हे मला फार भारी वाटतं. आणि मोकळा दिवस असेल तर गांगनुंगला केटीएक्स या वेगवान गाडीने जा, सोलहून दोन तास, पुढे सिटी बसने जुमुनजिनच्या बाजूला. तिथे समुद्रावर एक बसस्टॉप आहे, २०१७ च्या अल्बमच्या फोटोसाठी उभा केला होता, शूटिंग झाल्यावर काढून टाकला, मग लोक येऊन विचारायला लागले तेव्हा तिथल्या महापालिकेने परत बांधला. बस येत नाही तिथे. लोक रांगेत उभे राहतात फोटोसाठी, रांग शिस्तीत असते, कोणी पुढे घुसत नाही.

कोथिंबीरवडी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी धागाच भाचीला वाचायला दिला, शंका वगैरे सगळी वाचली तिने, रडारड झाली नाही. म्हणाली मावशी मला माहितीये ते तिथे नसणारेत, मला ते कुठे बसून कंटाळले ते बघायचंय. मला हे उत्तर नीट कळलं नाही पण चुंचनचा दिवस पक्का केला, बुधवार, सकाळची गाडी, डबलडेकरची वरची सीट. त्या जागेला मेसेज तिने स्वतः कोरियनमध्ये पाठवलाय, ही पोरगी तीन वर्षं ॲपवर कोरियन शिकतेय हे ताईलाही माहीत नव्हतं. उत्तर आलं, पण 'विचारून सांगतो' एवढंच. नाहीच जमलं तर चुंचनचा रोपवे आणि तो बटाटा-ब्रेड. भाची म्हणते रोपवे साडेतीन किलोमीटरच्या वर लांब आहे आणि तळ्यावरून जातो, म्हणजे तळं कुठलं का असेना बघून होईल.

स्क्रीनशॉटचं मी मनावर घेतलंय. डोंगराची खाच जुळवायची म्हणून तिने ४० काढून ठेवलेत, आणि मी माझा चष्म्याचा नंबर तपासून आले.

जांभळी, किडा नोव्हेंबरात ओरडत नसेल ना? आणि ते चिकट कणीस मिळेल का?

जांभळी

किडा नाही मावशी 😭 तो फक्त उन्हाळ्यात.

किमची_भाकरी

कणीसही नाही, ते जुलै-ऑगस्टचं. नोव्हेंबरात भाजलेली रताळी मिळतील, कोपऱ्यावरच्या कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये गरम मशीनमध्ये ठेवलेली असतात, सालासकट कागदात देतात. मधासारखी गोड. पूर्ण शाकाहारी, आणि मीठ-मसाला काही नाही, त्यामुळे तुमचा मधे एखादा उपास आला तरी चालतील.